भुकटीचे माप आणि बाटलीवरची खूण

पाणी, दूध, तेल मोजणे सोपे असते. मापात ओतले की पातळी समोर दिसते. भुकटीचे तसे नाही. एकच पावडर एकाने भरली तर चमच्यात कमी बसते, दुसऱ्याने भरली तर जास्त. स्वयंपाकात याने फारसे बिघडत नाही. भाजी थोडी खारट होते एवढेच. पण ती पावडर औषधाची असेल आणि घेणारे मूल आठ-दहा किलो वजनाचे असेल, तर हाच फरक उपचार निकामी करू शकतो. प्रसंगी जिवावरही बेततो.

लहान मुलांना दिली जाणारी बरीच औषधे कोरड्या पावडरच्या रूपात येतात. अँटिबायोटिकची ड्राय सिरपची बाटली, जुलाबासाठी जलसंजीवनीची पुडी, बाळाच्या दुधाचा डबा ही रोजची उदाहरणे. या सर्वांत पाणी मिसळण्याचे काम घरी आईला किंवा आजीला करावे लागते. म्हणजे औषध तयार करण्याची शेवटची पायरी कारखान्यात नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरात पार पडते. ती कशी पार पाडावी आणि तशीच का पाडावी, ते आज पाहू.

दळलेले पीठ डब्यात का मावत नाही?

डबा काठोकाठ ज्वारीने भरून गिरणीत न्यावा. दळल्यावर तेच पीठ त्याच डब्यात सहजासहजी मावत नाही. डबा दोन-चार वेळा जमिनीवर आपटावा लागतो, पीठ वरून दाबावे लागते, तेव्हा कुठे झाकण लागते. ज्वारी तर तेवढीच होती. मग वाढले काय? वाढली ती कणांमधली हवा. आपटल्यावर ती हवा निघून गेली आणि पीठ खाली बसले.

आपल्याकडे धान्य शेर-पायलीने मोजण्याची रीत जुनी आहे. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. देशात १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने येऊ लागली, तरी खेड्यापाड्यांतून पायलीचे नाव गेलेले नाही. माप सपाट की शीग लावून, अलगद भरलेले की हलवून बसवलेले, यावरून देणाऱ्या-घेणाऱ्यांत घासाघीस ठरलेलीच. एका पायलीत धान्य किती बसेल हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. दाण्यांच्या बाबतीत हा फरक त्या मानाने थोडा असतो. वस्तू जितकी बारीक आणि हलकी, तितका तो मोठा होतो.

पावडरचे खरे आकारमान

याचा अर्थ पावडरला दोन आकारमाने असतात. एक डोळ्यांना दिसणारे, ज्यात मधली हवाही धरलेली असते. दुसरे खरे, म्हणजे फक्त कणांनी व्यापलेली जागा. हे दुसरे आकारमान काढण्याची रीत शाळेतील मुलांनी घरी करून पाहण्यासारखी आहे.

एक वाटी कोरडी, स्वच्छ वाळू घ्या. एका मोठ्या भांड्यात त्याच वाटीने एक वाटी पाणी ओता आणि त्यात ती वाळू हळूहळू टाका. आता हे सर्व परत वाटीने मोजले, तर दोन वाट्या भरत नाहीत. दीड वाटीच्या थोडे वरच भरते. कारण पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत शिरले आणि तिथली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर गेली. एकूण आकारमानातून पाण्याचे आकारमान वजा केले की जे उरते ते वाळूचे खरे आकारमान.

मीठ-साखर पाण्यात विरघळते, म्हणून तिथे पाण्याऐवजी गोडे तेल वापरायचे. मीठ तेलात विरघळत नाही. बाकी रीत तीच. अत्यंत बारीक पावडरसाठी प्रयोगशाळांत हेलियम वायू वापरतात, कारण तो बारीकसारीक फटींतही शिरतो. तत्त्व मात्र आर्किमिडीजच्या काळापासूनचेच आहे.

पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम बसते. त्या मिठाच्या कणांचे खरे आकारमान ३ मिलिलिटरपेक्षाही थोडे कमी असते. म्हणजे चमचा मिठाने भरला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात जवळजवळ निम्मी हवा असते. त्याच चमच्यात साखर मात्र सुमारे ४ ग्रॅमच बसते. चमचा तोच आणि वजन वेगळे. म्हणून एका पावडरचे चमच्याचे माप दुसऱ्या पावडरला कधीही लावू नये.

ड्राय सिरप : सर्वाधिक चुका येथेच

मध्यंतरी एक आजीबाई तीन वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. कान फुटला होता आणि औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ताप हटत नव्हता. सोबत आणलेली बाटली पाहिली. खूण बाटलीच्या पोटावर होती आणि औषध गळ्यापर्यंत भरलेले. विचारले, तर म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मधीच संपू नाही म्हणून गळ्यापर्यंत पाणी भरलं. एवढ्या महागाचं औषध, जरा पुरायला नको का?"

त्यांचा हेतू चांगला होता. पण पाणी घालून ताक वाढते, औषध वाढत नाही. हिशोब पाहा. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर "प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम" असे लिहिलेले असेल, तर अख्ख्या बाटलीत ७५० मिलिग्रॅम औषध आहे. खुणेपर्यंत पाणी भरले तर दर ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम मिळते. गळ्यापर्यंत भरून तेच ४५ मिलिलिटर केले, तर ५ मिलिलिटरमध्ये जेमतेम ८३ मिलिग्रॅम उरते. मुलाला रोज दोन-तृतीयांश डोस मिळत राहतो. अशा अर्धवट डोसाने कमकुवत जंतू मरतात आणि चिवट जंतू शिल्लक राहून वाढतात. पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही आणि मग जास्त भारी, जास्त महाग औषधाकडे वळावे लागते.

उलट चूकही होते. औषध जोरदार व्हावे म्हणून काही जण पाणी कमी घालतात. ३० ऐवजी २० मिलिलिटरच केले तर प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १८७ मिलिग्रॅम जाते. मुलाला उलट्या-जुलाब होतात आणि बाटलीही मुदतीपूर्वी संपते.

तिसरी चूक शिकलेल्या मंडळींची. बाटली ३० मिलिलिटरची, म्हणून ते ३० मिलिलिटर पाणी अगदी काटेकोर मोजून ओततात. पण पावडर स्वतःही जागा घेते. समजा तिने ५ मिलिलिटर जागा घेतली, तर एकूण औषध ३५ मिलिलिटर होईल आणि प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १०७ मिलिग्रॅमच येईल. पावडर किती जागा घेईल हे औषधागणिक आणि कंपनीगणिक बदलते. हा हिशोब बनवणाऱ्याने आधीच करून बाटलीवर खूण केलेली असते. म्हणून पाणी किती घालायचे हे खूणच ठरवते. खोक्यात पाण्याची वेगळी कुपी दिली असेल, तर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे तीच वापरावी.

बाटली तयार करण्याची योग्य रीत अशी :

१. झाकण उघडण्यापूर्वी बाटली हातावर हलकेच आपटून पावडर मोकळी करावी. तळाशी गठ्ठा बसलेला राहू देऊ नये.

२. पाणी उकळून पूर्ण गार केलेले असावे. गरम पाण्याने काही औषधे बिघडतात.

३. आधी खुणेच्या थोडे खालपर्यंत पाणी घालावे, झाकण लावून चांगले हलवावे.

४. फेस बसेपर्यंत थांबावे. पावडर भिजून मधली हवा निघाली की पातळी खाली गेलेली दिसते. आता बरोबर खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवावे. पातळी पाहताना बाटली सपाट जागेवर ठेवून डोळे खुणेच्या रेषेत आणावेत.

५. औषध तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी. यातील बरीच औषधे पाणी घातल्यावर सातच दिवस टिकतात. नेमके दिवस लेबलवर असतात. उरलेले औषध पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवू नये.

६. प्रत्येक वेळी देण्यापूर्वी बाटली हलवावी. न हलवल्यास सुरुवातीचे डोस पातळ आणि तळाचे दाट जातात.

निम्मी पावडर आज आणि निम्मी नंतर कालवू, असेही काही जण करतात. हे मुळीच करू नये. पावडरचे दोन सारखे भाग डोळ्याने होत नाहीत. पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर औषधाच्या पुड्या बांधत, तेव्हा आधी औषध तराजूत तोलत, खलात घोटून एकजीव करत, मग कागदावर सारख्या जाडीची लांबट पट्टी पसरून तिचे भाग पाडत. एवढे करूनही पुड्यांत थोडाफार फरक राहायचाच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे. कोरडी बाटली छापील मुदतीपर्यंत चालते, पण एकदा पाणी घातले की दिवस मोजायला सुरुवात होते. लेबलवर फ्रीजमध्ये ठेवण्याची सूचना असेल आणि तशी सोय नसेल, तर औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावे. काही औषधे पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात मिळतात. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने अमॉक्सिसिलिनची अशी गोळी सुचवली आहे. गोळीत औषध आधीच तोललेले असते, त्यामुळे घरी मापात चूक होण्याचा संभव कमी होतो.

घरचा चमचा आणि औषधाचा चमचा

डॉक्टर "एक चमचा" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ५ मिलिलिटर असतात. घरातील चमचे मात्र अडीच-तीन मिलिलिटरपासून सात-साडेसात मिलिलिटरपर्यंत सापडतात. म्हणून औषधासोबत मिळणारे खुणांचे टोपण, चमचा किंवा ड्रॉपर वापरावा. लहान बाळासाठी बिनसुईची सिरिंज सर्वांत चांगली. औषध दुकानात ती थोडक्यात मिळते.

जलसंजीवनी : पुडीत वजन, घरी फक्त पाणी

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. एक लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि सोडा अडीच ग्रॅम. हे पदार्थ कोलकात्यात तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जात. छावणीत नातेवाइकांनी फक्त ठरलेल्या पाण्यात पिशवी रिकामी करायची. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यातील मर्म आपल्या विषयाशी जुळणारे आहे. पावडर तोलण्याचे अवघड काम जाणकारांनी आधीच केले आणि घरच्यांकडे फक्त पाणी मोजण्याचे सोपे काम ठेवले. आजची पुडीही याच तत्त्वावर आहे. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत एकूण साडेवीस ग्रॅम पावडर असते. त्यात मीठ केवळ २.६ ग्रॅम असते.

तरीही घरोघरी काय होते? एक लिटरची पुडी फोडून चमचाभर पावडर पेल्यात टाकतात आणि उरलेली पुडी फडताळात ठेवतात. हे दोन कारणांनी चूक आहे. एक, चमच्यात किती आले ते कळत नाही. दुसरे, पुडीतील पदार्थांचे कण सारखे नसतात. चिवड्याचा डबा हलवला की बारीक डाळे-मसाला तळाशी जातो, तसेच पुडीतही होऊ शकते. मग एका पेल्यात मीठ जास्त आणि दुसऱ्यात कमी जाते. मीठ जास्त झालेले पाणी बाळाला घातक असते. रक्तातील क्षार वाढून झटकेही येऊ शकतात. पाणी फार जास्त झाले, तर शरीरातून गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

म्हणून पुडीवर लिहिलेले माप आधी वाचावे. मोठी पुडी असेल तर एक लिटर आणि लहान असेल तर २०० मिलिलिटर पाणी. घरात लिटरचे माप नसले तरी पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ बाटली सर्वत्र मिळते. संपूर्ण पुडी एकाच वेळी कालवावी, झाकून ठेवावी आणि २४ तासांत न संपल्यास ओतून द्यावी. दमट होऊन खडा झालेली पुडी वापरू नये.

पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. यात "सपाट" हा शब्द फार महत्त्वाचा. चमचा भरून वरची शीग सुरीच्या पाठीने काढून टाकावी. शीग राहिली तर चमच्यात जवळजवळ दुप्पट मीठ जाऊ शकते. तयार पाण्याची चव घेऊन पाहावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

शेजारच्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात घरोघर फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत हे शिकवून आल्या. त्यांचे माप होते तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिकवलेल्या आया ते कसे बनवतात हे नंतर तपासले जाई आणि त्यावर कार्यकर्तीचे वेतन ठरे. चिमटीसारखे ढोबळ मापही चालू शकते, पण कुणीतरी ते नीट शिकवून वारंवार तपासले तरच.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेले किंवा प्यायलेले सर्व उलटून पडू लागले, तर घरच्या उपायांवर विसंबून न राहता लगेच दवाखाना गाठावा. वाटेतही जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावी.

दुधाची पावडर

पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. वरच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याचसाठी. तरी काही कारणाने डॉक्टरांनी पावडर सांगितलीच, तर त्याच डब्यातील मापी वापरावी. एका कंपनीची मापी दुसऱ्या डब्यात चालत नाही. पावडर ठासून भरू नये आणि शीग ठेवू नये. आधी उकळून कोमट केलेले पाणी मोजून घ्यावे आणि मग त्यात पावडर घालावी. आधी पावडर टाकून वर खुणेपर्यंत पाणी भरले, तर पावडरने अडवलेल्या जागेइतके पाणी कमी पडते आणि दूध दाट होते. ड्राय सिरपमध्ये खुणेपर्यंत पाणी आणि दुधात मात्र पाणी मोजून, हा फरक ध्यानात ठेवावा. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ केल्यास बाळ वाळत जाते. फार दाट केल्यास कोवळ्या मूत्रपिंडावर ताण पडतो.

विहिरीतील टीसीएल पावडर

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गोदाकाठच्या गावांत जुलाबाचे रुग्ण वाढतात, म्हणून हेही सांगतो. विहिरीत ओंजळीने टीसीएल टाकणे योग्य नाही. चांगल्या प्रतीची पावडर असल्यास साधारण १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते आणि त्याला ९५ ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. एकदा दुकानातील काट्यावर तेवढी पावडर तोलून एका जुन्या डब्यावर खूण करून घ्यावी. तो डबा पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरू नये. पोते उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो. अशा वेळी माप बरोबर असूनही पावडरमध्ये दम राहिलेला नसतो. म्हणून टाकल्यानंतर अर्ध्या तासाने पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, याची तपासणी ग्रामपंचायतीकडून करून घ्यावी.

घरात लावून ठेवण्यासाठी

ड्राय सिरप : पाणी खुणेपर्यंत, दोन टप्प्यांत, फेस बसल्यावर.

जलसंजीवनी : पूर्ण पुडी, पुडीवर लिहिलेले पूर्ण पाणी, २४ तास.

मीठ-साखर : नेहमी सपाट चमचा.

दुधाची पावडर : त्याच डब्याची सपाट मापी, पाणी आधी.

औषध घेताना दुकानदाराला किंवा डॉक्टरांना "पाणी कुठपर्यंत घालायचे ते दाखवा" असे जरूर म्हणावे. खूण पुसट असेल तर त्यांच्याकडूनच पेनने रेघ मारून घ्यावी. घरी औषध कोण पाजणार आहे, आई की आजी, त्या व्यक्तीलाही ती रेघ दाखवावी. यात संकोच कसला? हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यावर मुलाचा पूर्ण डोस अवलंबून असतो.